एकाच नावाच्या दोन फाइल्स: तुमची मार्कशीट दुसऱ्याच्या मार्कशीटखाली कशी गाडली जाते?

ॲडमिशन असो, स्कॉलरशिप असो की भरतीची परीक्षा, फॉर्म भरताना फोटो, सही, मार्कशीट, दाखले हे सगळं अपलोड करावंच लागतं. 'अपलोड सक्सेसफुल' अशी हिरवी पट्टी आली की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण ती हिरवी पट्टी फक्त इतकंच सांगते की तुमची फाइल सर्व्हरपर्यंत पोहोचली. ती तिथे टिकली, की पाच मिनिटांनी आलेल्या दुसऱ्या कुणाच्या फाइलने तिची जागा घेतली, हे ती पट्टी सांगत नाही. कारण बऱ्याच वेळा ते तिलाही माहीत नसतं.

मी जावामध्ये वेब ॲप्लिकेशन्स लिहितो. आपल्याकडच्या बँका, कॉलेजं, सरकारी पोर्टल्स यांपैकी बऱ्याच ठिकाणी मागे जावाच चालतं. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला. पण आत्ता यावर लिहायची दोन कारणं आहेत. २०२३ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या मार्चपर्यंत जावाच्या जगात फाइल अपलोडशी संबंधित एकामागून एक गंभीर त्रुटी बाहेर आल्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले. या दोन्ही गोष्टी मला एकाच साध्या प्रश्नापाशी येऊन थांबताना दिसतात: सर्व्हरवर फाइलचं नाव कुणी ठरवायचं?

सारखी नावं येतात कुठून?

नवख्या प्रोग्रामरला वाटतं, दोघांच्या फाइलचं नाव अगदी सारखं कशाला असेल? त्याने आपल्या फोनची गॅलरी उघडून बघावी. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमधून आलेल्या फोटोचं नाव 'आयएमजी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडी क्रमांक असं बनतं. तो क्रमांक रोज नव्याने सुरू होतो. म्हणजे आज तुम्हाला आलेला सातवा फोटो आणि आज मला आलेला सातवा फोटो यांचं नाव तंतोतंत एकच. आता विचार करा, फॉर्मची शेवटची तारीख आहे, आणि गावोगावी शेकडो मुलं सायबर कॅफेवाल्याकडून व्हॉट्सॲपवर आलेली मार्कशीट अपलोड करतायत. नावं सारखी आली नाहीत तरच नवल.

आयफोन आणि डिजिटल कॅमेऱ्यांचंही तेच. तिथे चार आकडी क्रमांक ९९९९ पर्यंत जातो आणि परत ०००१ वर येतो. आणि ज्यांनी मेहनत घेऊन नाव बदललंय, त्यांनी काय ठेवलंय? 'फोटो', 'सही', 'आधार', 'मार्कशीट'. म्हणजे परत सारखंच!

सर्व्हरवर नेमकं काय होतं?

ब्राउझर फाइल पाठवतो तेव्हा तिच्यासोबत तिचं मूळ नावही पाठवतो. ही पद्धत १९९५ पासूनची आहे. जावामध्ये ते नाव मिळवायला सर्व्हलेटच्या ३.१ आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्ये, एक सरळ मेथड आली: गेटसबमिटेडफाइलनेम. स्प्रिंग वापरणाऱ्यांकडे तिची बहीण आहे, गेटओरिजिनलफाइलनेम. हे नाव घ्यायचं, पुढे फोल्डरचा पत्ता लावायचा आणि फाइल लिहून टाकायची. तीन ओळींत काम फत्ते. इंटरनेटवरचे निम्मे ट्युटोरियल इथेच संपतात.

आता त्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल आधीच असेल तर? स्प्रिंगच्या मल्टिपार्टफाइलमध्ये ट्रान्सफरटू नावाची मेथड आहे. तिच्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलंय की त्या जागी आधीची फाइल असेल तर ती आधी पुसली जाईल. एरर नाही, सूचना नाही, लॉगमध्ये ओळ नाही. जुनी गेली, नवी आली. त्याच माहितीपत्रात मूळ नाव देणाऱ्या मेथडखाली असंही बजावलंय की हे नाव समोरून आलेलं आहे, ते थेट वापरू नका, स्वतःचं वेगळं नाव तयार करा. पण माहितीपत्र वाचतो कोण?

स्प्रिंगचं स्वतःचं फाइल अपलोडचं नमुना मार्गदर्शकही मूळ नावानेच फाइल साठवतं, आणि 'असेल तर बदला' हा पर्याय लावून. फाइल ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जात नाही ना, एवढं ते तपासतं. शिकण्यासाठी ते ठीकच आहे, नमुना म्हणजे नमुना. अडचण तेव्हा होते, जेव्हा तोच नमुना कॉपी होऊन खऱ्या विद्यार्थ्यांच्या खऱ्या कागदपत्रांवर चालू लागतो.

असं झाल्यावर काय दिसतं, ते मी एकदा जवळून पाहिलंय. एका शिक्षणसंस्थेचं जुनं पोर्टल आमच्या टीमकडे दुरुस्तीला आलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही. तक्रार अशी की काही मुलांच्या अर्जात भलत्याच मुलांच्या मार्कशीट दिसतायत. आम्ही डेटाबेसच्या टेबलमधल्या ओळी मोजल्या आणि फोल्डरमधल्या फाइल्स मोजल्या. ओळी जास्त, फाइल्स कमी. जितका फरक, तितक्या मार्कशीट दुसऱ्या मार्कशीटखाली गाडल्या गेल्या होत्या. बॅकअपचाही फारसा उपयोग झाला नाही, कारण तो रात्री व्हायचा, आणि रात्रीपर्यंत त्या नावाची शेवटची आलेली फाइलच उरलेली असायची. ज्या मुलांचे अर्ज 'कागदपत्र जुळत नाही' म्हणून छाननीत बाजूला पडले होते, त्यांची यात काहीच चूक नव्हती. त्यांना पुन्हा फोन करून कागदपत्रं मागवावी लागली.

अर्धवट उपाय

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: आधी तपासायचं, त्या नावाची फाइल आहे का, आणि असली तर नावापुढे १, २ असा आकडा लावायचा. विंडोजमध्ये बघतो तसा. तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपवर हे छान चालतं. सर्व्हरवर मात्र एकाच वेळी शेकडो लोक असतात. जावाच्या 'फाइल आहे का' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, आणि तुम्ही लिहायला सुरुवात करेपर्यंतच्या त्या क्षणात दुसऱ्यालाही 'नाही' हेच उत्तर मिळालेलं असतं. दोघंही त्याच नावाने लिहितात.

एसटी स्टँडवर गाडी लागते तेव्हा खिडकीतून डोकावून 'ती सीट रिकामी आहे' असं बघून जो दाराकडे धावतो, त्याला सीट मिळत नाही. मिळते ती खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला. बघणं आणि धरणं ही एकच कृती हवी. जावामध्ये हा रुमाल आहे: फाइल उघडताना क्रिएटन्यू हा पर्याय द्यायचा. फाइल नसेल तरच ती तयार होते, असेल तर लगेच एक्सेप्शन येतं, आणि तपासणं आणि तयार करणं यांच्या मध्ये कुणाला शिरता येत नाही. क्लाउडवरही हाच प्रश्न होता. ॲमेझॉनच्या एसथ्रीमध्ये त्याच नावाने फाइल टाकली की जुनीच्या जागी नवी येते. 'आधीपासून नसेल तरच लिही' अशी अट घालायची सोय तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये आली. इतक्या उशिरा, हे माझ्यासाठीही आश्चर्यच होतं.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे नावापुढे मिलिसेकंदांतली वेळ जोडणं. शेवटच्या तारखेच्या रात्री एकाच मिलिसेकंदात दोन अपलोड येणं अशक्य नाही, त्यात लोड वाटून घेणारे चार सर्व्हर असतील तर आणखीच शक्य.

तिसरा उपाय, अर्ज क्रमांकच फाइलचं नाव करायचा. यात टक्कर टळते, पण नवीन दुखणं सुरू होतं. माझा फोटो १०४५ या नावाने उघडतो, म्हणजे लिंकमध्ये १०४६ टाकलं की शेजाऱ्याचा उघडणार. सर्व्हर लॉगिन तपासत नसेल तर सगळ्या गावाचे आधार कार्ड एका साध्या स्क्रिप्टने उतरवून घेता येतात.

२०२३ ते २०२५ मध्ये काय घडलं

इथपर्यंत सगळं अपघाताबद्दल होतं. आता मुद्दाम करणाऱ्यांकडे येऊ. समोरून आलेल्या नावावर सर्व्हर विश्वास ठेवतो हे एकदा कळलं, की हल्लेखोर ते नाव हवं तसं बनवतो. उदाहरणार्थ, नावात 'एक फोल्डर वर जा' अशी खूण घालतो आणि फाइल भलत्याच जागी टाकतो.

अपाचे स्ट्रट्स हे जावाचं जुनं फ्रेमवर्क. तुम्हाला २०१७ चं इक्विफॅक्स प्रकरण आठवत असेल, अमेरिकेतल्या सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती. तो दरवाजाही स्ट्रट्समधल्या अपलोड हाताळणाऱ्या भागातच होता. डिसेंबर २०२३ मध्ये स्ट्रट्समध्ये सीव्हीई-२०२३-५०१६४ ही त्रुटी जाहीर झाली. हिची गंमत बघा. स्ट्रट्स आलेलं नाव स्वच्छ करून घेत होतं, फोल्डरच्या खुणा काढून टाकत होतं. पण हल्लेखोर फॉर्ममधल्या रकान्याचं नाव इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठा फरक करून दोनदा पाठवायचा. स्ट्रट्सला ते दोन वेगळे रकाने वाटायचे, पुढे मात्र दोन्ही एकाच जागी जाऊन बसायचे, आणि स्वच्छ केलेल्या नावावर घाणेरडं नाव चढायचं. म्हणजे सारख्या नावाने आधीची गोष्ट पुसली जाण्याचाच प्रकार, फक्त फाइलऐवजी रकान्याच्या बाबतीत.

वर्षभराने, डिसेंबर २०२४ मध्ये, स्ट्रट्समध्येच त्याच जातीची सीव्हीई-२०२४-५३६७७ आली. यावेळी नुसतं ६.४.० वर अपग्रेड करून भागत नव्हतं, अपलोडचा जुना मार्ग सोडून नव्या पद्धतीने कोड लिहावा लागत होता. ज्या पोर्टलचा मूळ कंत्राटदार केव्हाच निघून गेलाय, तिथे हा कोड कोण बदलणार? या बातमीतला मला सर्वांत काळजीचा भाग तोच वाटला.

त्याच महिन्यात टॉमकॅटची पाळी आली. टॉमकॅट म्हणजे जावा ॲप्लिकेशन्स ज्याच्यावर चालतात तो सर्व्हर. सीव्हीई-२०२४-५०३७९ मध्ये पुन्हा लहान-मोठ्या अक्षरांचाच घोळ होता. लिनक्सवर सहसा 'फोटो' हे नाव इंग्रजीत कॅपिटल अक्षराने लिहिलं तर ती वेगळी फाइल, विंडोजवर मात्र तीच फाइल. टॉमकॅट हा फरक तपासतो, पण सर्व्हरवर लोड असताना एकाच फाइलचं वाचन आणि अपलोड एकदम झालं तर ती तपासणी चुकवता येत होती, आणि साधी म्हणून टाकलेली फाइल प्रोग्राम म्हणून चालवली जात होती. वर सांगितलेली एसटीची सीटच ही! बघणं आणि धरणं यांच्यातली फट.

आणि मग मार्च २०२५ मधली सीव्हीई-२०२५-२४८१३. फाइल तुकड्यातुकड्यांत पाठवायची सोय टॉमकॅटमध्ये आहे. त्यासाठी तो एक तात्पुरती फाइल बनवायचा, आणि तिचं नाव तुम्ही पाठवलेल्या पत्त्यावरूनच ठरवायचा: पत्त्यातल्या तिरक्या रेघा काढून तिथे टिंब टाकायचा, की झालं नाव. यातून दोन वेगवेगळ्या पत्त्यांना एकच तात्पुरतं नाव मिळू शकतं, हे शाळेतल्या मुलालाही कागदावर मांडून दाखवता येईल. त्याहून वाईट म्हणजे, ते नाव आधीच ओळखता येत असल्याने हल्लेखोर तिथे सेशनची बनावट फाइल ठेवून सर्व्हरकडून ती वाचून घेऊ शकत होते. १ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने ही त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. दुरुस्ती काय केली? तात्पुरत्या फाइलला नाव सर्व्हर स्वतः देऊ लागला.

एक गोष्ट नमूद करायला हवी. टॉमकॅटच्या या दोन्ही त्रुटींना थेट फाइल लिहिण्याची परवानगी चालू असावी लागते, आणि ती मुळात बंदच असते. म्हणजे 'प्रत्येक टॉमकॅट धोक्यात' असे जे मथळे फिरत होते, ते जरा जास्तच होते.

मग नाव द्यायचं कुणी?

देवळाबाहेर चप्पल स्टँडवर तुम्ही चपला दिल्या तर तो माणूस 'काळी कोल्हापुरी, आठ नंबर' असं लिहून ठेवत नाही. तशा पन्नास असतात. तो बिल्ला देतो. सर्व्हरनेही तेच करायचं. जावामध्ये यूयूआयडी तयार करणारी रँडमयूयूआयडी ही मेथड आहे. त्यात १२२ बिट निव्वळ यादृच्छिक असतात. दोन बिल्ले सारखे निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य, आणि पुढचा बिल्ला कुणाला ओळखताही येत नाही. तरीही लिहिताना क्रिएटन्यू लावायचंच, फुकट मिळणारी खात्री कशाला सोडायची?

आणि तुम्ही दिलेलं मूळ नाव? ते डेटाबेसमध्ये एका रकान्यात, दाखवण्यापुरतं. फाइल कुठे ठेवायची हे ठरवण्यात त्याला मत नाही. प्रकार पीडीएफ आहे की फोटो, हे नावाच्या शेपटीवरून न ठरवता आतला मजकूर तपासून ठरवायचं, आणि फोल्डर वेबवरून थेट उघडणार नाही अशा जागी ठेवायचा. गुगल ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल्स सुखाने नांदू शकतात, त्या याच तत्त्वामुळे. तिथे नाव फक्त लेबल असतं, खरी ओळख आतल्या आयडीची.

मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवताना मराठीचा एक खास काटा आहे. 'कऱ्हाड' किंवा 'वऱ्हाड' लिहिताना आपण जो अर्धा र वापरतो, त्यामागचं अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असं जोडून. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी नावं वाटतात. म्हणजे इथे उलटा घोळ: एकच नाव, पण दोन फाइल्स. जावाच्या नॉर्मलायझरने नाव आधी एनएफसी रूपात आणलं की हा प्रश्न मिटतो. शिवाय देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजे साधारण ८५ चिन्हं. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. ही मर्यादा ओलांडणारी ऐसपैस नावं ठेवणाऱ्यांची फाइल त्यामुळेच कधी कधी कारण न सांगता नाकारली जाते.

कायदा काय म्हणतो

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास त्या लागू होतील. या कायद्यातल्या 'डेटा भंग' या शब्दाकडे नीट बघा. आपल्याला वाटतं भंग म्हणजे चोरी. पण व्याख्येत वैयक्तिक माहिती अपघाताने बदलली जाणं, नष्ट होणं किंवा ती मिळेनाशी होणं, हेही येतं. मी वकील नाही. पण तुमच्या मार्कशीटवर दुसऱ्याची मार्कशीट चढली, तर तुमची माहिती नष्ट झाली आणि त्याची तुमच्या अर्जात उघड झाली, हे समजायला वकील लागत नाही. भंग झाला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती आहे त्याला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास २०० कोटींपर्यंत, आणि मुळात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारी यंत्रणांना काही सवलतीही आहेत, आणि सर्वांत जास्त कागदपत्रं आपण त्यांच्याच पोर्टलवर चढवतो, हे मला खटकतं.

प्रत्यक्षात अडचण वेगळीच येणार. फाइल गुपचूप पुसली जात असेल तर भंग झाला हे कंपनीला कळणार कसं? कळलंच नाही तर कळवणार काय? म्हणून 'असेल तर बदला' हा पर्याय काढून क्रिएटन्यू लावणं हा एका ओळीचा बदल मला महत्त्वाचा वाटतो. निदान एक्सेप्शन तरी येईल, लॉगमध्ये ओळ तरी पडेल.

तुम्ही काय बघायचं?

समोरचा कोड तुमच्या हातात नाही. फाइलचं नाव आहे. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल तशीच चढवू नका. अर्ज क्रमांक आणि कागदाचं नाव असं इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या. आधार किंवा मोबाइल नंबर मात्र नावात घालू नका. सबमिट केल्यावर लगेच प्रीव्ह्यू उघडा, आणि हे महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉगिन करून परत उघडा. कारण तुमच्या नंतर येणारी फाइल तुम्ही बाहेर पडल्यावरच येणार असते. फोटो किंवा मार्कशीट दुसऱ्याची दिसली तर स्क्रीनशॉट घेऊन, तारीख आणि वेळ टाकून, हेल्पडेस्कला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्या स्क्रीनशॉटमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी नाव-गाव असेल, ते स्टेटसला टाकू नका.